डाव्या गालाचं टचिंग

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठमे,

अनेक आशीर्वाद. पत्राच्या माथ्यावर लिहायचा असतो म्हणून लिहिला. घ्यायचा की पायपुसण्याखाली सरकवायचा, ते तुझं तू बघ.

तू माझा फोन उचलत नाहीस, मामाचा उचलतेस. म्हणजे फोन धड आहे, बोटंही धड आहेत, राग तेवढा उतरलेला नाही. म्हणून हा कागद. माझी शाळा तिसरीत सुटली, चौथीच्या बाईंची नि माझी गाठच पडली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कागदाचं एक बरं असतं. मधेच 'आजी, पुरे' म्हणून त्याला गप्प करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच.

मामाने सांगितलं ते असं. जाताना त्याने तुला पासपोर्टच्या मापाचा फोटो काढून दिला होता. तो तू एका ऑफिसात अर्जाला चिकटवलास आणि तिथल्या बाईने तुला बोलावलं. सिनेमा आहे, त्यात दोन बहिणी आहेत, धाकटीसाठी पोरी बघताहेत. आपण धान्य निवडतो तशी ही बाई पोरी निवडते, पगारच त्याचा घेते. आता तिला तुझा पोर्टफोलिओ हवा आहे. आठ फोटो, मोठे, चौदा तारखेच्या आत थेट ऑफिसात. आणि तुझ्याजवळ एक नाही. वा! लढाईला निघाली नि तलवार खुंटीला. ऑक्टोबरात मामाने आजोबांच्या मोठ्या कॅमेऱ्यावर तुझे आठ फोटो काढले, घरातली शेवटची फिल्म त्यात संपवली, रात्री मोरीत अंधार करून ती धुतली, आणि त्या निगेटिव्ह तू इथेच टाकून गेलीस. का, तर माझं तोंड बघायचं नव्हतं. तोंड माझं वाईट, फोटोंनी कुणाचं घोडं मारलं होतं?

आता त्या दिवसाचं बोलून टाकते, म्हणजे ते मधे मधे यायला नको. तू बॅग भरत होतीस. मी विचारलं, "या तोंडाने?" दोनच शब्द. तू म्हणालीस, "या तोंडाला काय झालंय? माझ्याकडे बघून बोल, आजी." मी खाली बघून बोलते ही तुझी जुनी तक्रार. चाळीस वर्षं लोकांच्या फोटोंवरचे डाग काढत टचिंगच्या टेबलावर वाकून माझी मान तशीच बसली आहे, कितीदा सांगायचं? मग मी म्हटलं, "नऊ महिने पोटात वागवलं त्या आईला जे तोंड बघवलं नाही, ते पडद्याएवढं करून लोकांना दाखवणार?"

तुला लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. चार वर्षांची असताना आपल्या फोटो स्टुडिओत काचेवर पडलीस, तेव्हापासून तो व्रण आहे, डाव्या डोळ्याखालून निघून ओठाच्या कोपऱ्याशी थांबलेला, उसवलेली शिवण घाईत पुन्हा घातल्यासारखा. तो तुझ्या तोंडावर आहे, मी काही माझ्या जिभेने काढलेला नाही.

तुझी आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. समुद्रापलीकडे गेली, तिकडेच दुसरं लग्न केलं, नवी पोरं झाली. मी तुला न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, तापात रात्र रात्र बसले. हे उपकार म्हणून सांगत नाही. बोलायचा हक्क कुठून आला ते सांगते.

मामा उद्या डार्करूम उघडतो आहे. आत सहा वर्षांचं जळमट आहे. फोटो वेळेत पोचतील. बाकीचं माझ्यावर सोड.

आजी


१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठमे,

काल पाकीट गेलं. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घातला, वर 'वाकवू नये' असं मामाने लाल शाईने लिहिलं. वाकवणारा वाकवतोच, पण आपलं लिहायचं.

आता काम कसं केलं ते सांगते. तू लहानपणापासून मला टेबलावर बघितलंस, पण मी नक्की काय करते हे कधी विचारलं नाहीस. आजीच्या कामाचं काय विचारायचं! तिरकं टेबल, मधे दुधी काच, खालून उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि भिंगातून बघायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं नि पांढरं ते काळं. जगाची खरी बाजू तीच, असं तुझे आजोबा म्हणायचे. चेहऱ्यावर खड्डा असला, सुरकुती असली, तर पेन्सिलने भरून काढायची. पेन्सिलला सुईसारखं टोक काढायचं आणि माशीच्या पायाएवढे ठिपके देत जायचं. चमकणारं काही असलं तर मात्र पेन्सिल चालत नाही. तिथे सुरी. बोटाएवढी सुरी, हाडाच्या मुठीची. तिने निगेटिव्हवरचा थर खरवडायचा, श्वास रोखून. पेन्सिल चुकली तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येते. सुरी पुसता येत नाही.

या गावातल्या निम्म्या बायकांची लग्नं माझ्या पेन्सिलीने झाली आहेत. देवीचे व्रण काढले, पुढे आलेले दात आत ढकलले, एका नवऱ्या मुलाचा तिरळा डोळा मी असा सरळ केला की सासऱ्याने लग्नानंतर दुकानात येऊन भांडण काढलं. म्हणाला, "हा जावई तो नव्हे!" मी म्हटलं, "परत करा मग, पावती आहे का?"

डाग झाकायची एक रीत आहे. डागावरच जोर दिला की काम उघडं पडतं. आजूबाजूचं सगळं खरं ठेवायचं. तीळ ठेवायचा, नाकाशेजारची सावली ठेवायची, एखादी बारीक पुटकुळी मुद्दाम सोडायची. बघणाऱ्याची नजर खऱ्यावर टेकते, म्हणते, हां, हे खरंच आहे, आणि पुढे जाते. मधे काय नाहीसं झालं ते तिला कळत नाही.

अकरा वर्षांनी टेबलावर बसले. पहिली दोन टोकं मोडली, मग पेन्सिल ऐकायला लागली. आठ निगेटिव्ह, पाच दिवस. तुझा व्रण सोपा नाही. त्याच्या कडा खोल आहेत, त्या पेन्सिलने भरल्या. मधली पट्टी तुकतुकीत आहे, उजेड पडला की रेशमासारखी चमकते, ती सगळी खरवडावी लागली.

मामा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, तिने टचिंग मागितलं नव्हतं."

"तहान लागली म्हणून बाळ पाणी मागतं का? आपण देतो."

"पण त्यांना ती तशीच हवी असेल तर?"

"तशीच कुणाला हवी असते रे? चाळीस वर्षांत या दुकानात एक माणूस आला नाही जो म्हणाला, मी जसा आहे तसा काढा."

मागे वळून ट्रे धुवायला गेला. तुझा मामा पहिल्यापासून असाच. बरोबर बोलतो, पण हळू बोलतो, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही.

प्रिंट वाळल्या तेव्हा दोरीवर आठ वेळा तूच. पूर्ण, गुळगुळीत. तू कशी दिसली असतीस ते मी पहिल्यांदा बघितलं. तुझ्या आईसारखी दिसतेस गं. मी खुर्ची ओढून बराच वेळ बसले. बघितलं. मान दुखली नाही.

ती बाई सोमवारी फोटो बघणार, असं मामा म्हणाला. काय झालं ते त्याला फोन करून कळव. आजीने केलेलं काम म्हणून सांगितलं नाहीस तरी चालेल.

आजी


२० फेब्रुवारी, गुरुवार

ठमे,

सोमवारी तू मामाला फोन केलास तेव्हा मी तिथेच होते. मामाने फोनचा आवाज मोठा करून तो काउंटरवर ठेवला होता, हातात गिऱ्हाईकाचे फोटो कापत होता. मी पडद्यामागे पुठ्ठ्याचे खोके लावत होते. चोरून ऐकलं म्हणायचं तर म्हण. माझ्याच घरात माझ्याच कानांनी ऐकायची चोरी असेल तर चोरी.

"मामा, ते कुणाचे फोटो पाठवलेस?" असं तू म्हणालीस. आवाज ओळखू येत नव्हता.

मग सगळं सांगितलंस. त्या बाईने आठ फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. मग मान वर करून तुझ्याकडे बघितलं. "ही कोण?"

"मीच," तू म्हणालीस.

"नाही. हिला मी बोलावलं नव्हतं. मी पासपोर्ट फोटोतल्या मुलीला बोलावलं होतं. धाकटीच्या तोंडावर व्रण आहे म्हणून तर बोलावलं होतं. तुलाच तुझ्या तोंडाची लाज असेल, तर मी तिथे कॅमेरा कसा लावू?"

आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस हसला, हे तू मामाला दोनदा सांगितलंस. बाईचं बोलणं एकदा, त्याचं हसणं दोनदा.

तर आता ऐक. मला काय माहीत की जगात व्रणाला भाव आला आहे? आंधळ्यांच्या बाजारात आरसा विकायला नेला, चूक झाली. पण तू तरी विचारायचंस ना, की बाई, मला का बोलावलंत? न विचारता धावलीस. माझं चुकलं ते चुकलं, पण सगळं खापर माझ्याच डोक्यावर फोडू नकोस, माझं डोकं आधीच म्हातारं आहे.

लाज म्हणे! आमचं दुकान लोकांच्या लाजेवर चाललं. त्या लाजेच्या भाकरीवर तू वाढलीस.

मामाने त्याच दिवशी आठही निगेटिव्ह काढल्या आणि कापसाने स्पिरिट लावून पुसत बसला. पेन्सिल गेली. सुरीचं गेलं नाही. प्रिंट काढल्या तर व्रण अर्धाच परत आला, कडा आहेत नि मधलं नाही. पहिल्यापेक्षा वाईट. आता नवे काढायला हवेत, तर मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म संपली. मामा म्हणतो, त्याचा साधा कॅमेरा घेऊन तुझ्याकडे येईन, खोलीतच खिडकीच्या उजेडात काढू. म्हणजे फोटोंचं मिटेल.

दुसरं मिटत नाही. त्या बाईने तुला घालवून दिलं नाही, हे मी ऐकलं. म्हणाली, बस आणि व्रण कसा झाला ते कॅमेऱ्यासमोर सांग. सिनेमात धाकटीला अगदी तेच करायचं आहे म्हणे, आपल्या व्रणाची गोष्ट सांगायची आहे, तेवढ्यावर सगळा सिनेमा उभा आहे. तू सांगितलंस, मी चार वर्षांची होते, आजोबांच्या स्टुडिओत खेळत होते, काचेवर पडले. ती म्हणाली, पुन्हा सांग. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, शब्दाला शब्द. मग तिने पेन टेबलावर आपटलं. "हे तुला कुणी पाठ करून दिलंय?"

सतरा मार्चला पुन्हा बोलावलं आहे. शेवटचं. खरे फोटो घेऊन ये, आणि गोष्ट नीट सांग. नाही जमलं तर दुसरी एक पोर ठरल्यातच आहे, निव्वळ गुळगुळीत चेहऱ्याची, तिच्या गालावर व्रण चिकटवणार आहेत. डिंकाने! ऐकून मला हसू आलं. आमच्या वेळी काढायला लोक रांग लावायचे.

मग तू रडायला लागलीस. "मामा, मला काहीच आठवत नाही. काच आठवत नाही, पडलेलं आठवत नाही. मला फक्त आजीचा पदर आठवतो. नक्की काय झालं होतं?"

मामा म्हणाला, "मी तेव्हा शिकायला बाहेर होतो गं. आईला विचारतो."

जेवताना विचारलं त्याने. ताटाकडे बघत विचारलं, त्यालाही माझीच सवय लागली आहे. मी म्हटलं, "काचेवर पडली. तुझ्या बहिणीचं लक्ष नव्हतं. किती वेळा तेच तेच विचाराल?"

तो म्हणाला, "कुठली काच, आई?"

मी म्हटलं, "जेव."

आजी


२४ फेब्रुवारी, सोमवार

ठमे,

बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

तू काचेवर पडली नाहीस. काच नव्हतीच.

दुपार होती. ऊन छान होतं, खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. लग्नाच्या छत्तीस निगेटिव्हचं टचिंग मी तीन दिवस बसून संपवलं होतं आणि शेवटच्या एकीवर सुरी चालवत होते. संध्याकाळी माणसं न्यायला येणार होती. आजोबा डार्करूममध्ये होते. तुझ्या आईला मीच बाजारात पाठवलं होतं, प्रिंटचा कागद संपला होता म्हणून. जाताना ती म्हणाली, "पोरीकडे बघशील ना, आई?" मी म्हटलं, "चल जा, मी काय मेले आहे?"

तू मोरीत पाण्याशी खेळत होतीस. निगेटिव्हमधल्या माणसांना तू भुतं म्हणायचीस, त्यांची तोंडं काळी नि केस पांढरे दिसतात म्हणून. कधी येऊन ढीग उचललास, कळलं नाही. मी मान वर केली तेव्हा तू स्टुलावर उभी होतीस. ओल्या हातांनी एकेक भूत खिडकीच्या काचेवर चिकटवून ओळ लावली होतीस, नवरा, नवरी, सासू, सासरे, सगळं वऱ्हाड, उजेडात. पाण्याने थर सुटून खाली ओघळत होता. आणि तू टाळ्या पिटून म्हणालीस, "आजी, बघ, सगळे आले!"

मी उठले आणि मारलं.

हातात सुरी होती. हातात काय आहे याचं भान नव्हतं, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आले. ठमे, जी बाई केसाएवढी रेघ खरवडते तिला आपल्या हातात काय आहे ते ठाऊक नसतं होय?

तू लगेच रडली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस, हे नवीन काय म्हणून. मग मी तुझं तोंड माझ्या पदरात दाबलं. तुला आठवतो तो पदर तो. त्या दिवसापासून मी तुझ्याकडे बघून बोललेली नाही. मानेला काहीही झालेलं नाही.

आजोबा बाहेर आले, ओल्या हातांनी. तुला बघितलं, मला बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. तुला उचलून डॉक्टरकडे धावले, आणि डॉक्टरने विचारल्यावर मी मागून म्हटलं, "काचेवर पडली." तो शब्द तिथे जन्मला. घरी आल्यावर त्यांनी ती सुरी धुतली, पुसली आणि परत माझ्या डब्यात ठेवली. मरेपर्यंत तो विषय काढला नाही. एकदा शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. त्यांनी मला सोडलं नाही.

तुझी आई कागद घेऊन आली तेव्हा दारातच मी म्हटलं, "कुठे उलथली होतीस? एक पोर सांभाळता येत नाही?" ती खाली बसली. मी तिला पाठवलं होतं हे तिच्याही लक्षात राहिलं नाही, एवढ्या जोरात मी बोलले. मग वर्षभर रोज बोलले. तुझी पट्टी बदलताना बोलले, टाके काढताना बोलले, वाढताना बोलले. "बघ, बघ, काय करून ठेवलंस." तिला तुझं तोंड बघवेना, कारण बघायला गेली की माझा आवाज यायचा. ती तुझ्यामुळे गेली नाही. तिला मी घालवली. गेली तेव्हा मला बरं वाटलं. घरात खरं काय ते ठाऊक असण्याची शक्यता असलेलं एक माणूस कमी झालं.

आणि हे शेवटचं. तुझे आठ फोटो मी त्याच सुरीने खरवडले. दुसरी नव्हती, असं नाही. दुसऱ्या दोन आहेत.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्यावर द्यायचा बोजा पडतो, आणि तुला देण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही. तू फक्त हे सगळं त्या बाईसमोर सांग. आजीने मारलं म्हणून सांग, सुरी सांग, खिडकीतली भुतं सांग. रडू नकोस, रागाने सांग. कुणी पाठ करून दिलंय असं ती म्हणणार नाही. तुला ते काम मिळेल. आणि तुझ्या आईचा पत्ता मामाकडे आहे, तिलाही कळव. सिनेमा लागला की गल्लीतल्या बाया माझ्या दारावर थुंकतील. थुंकोत. दार धुता येतं.

आजी


८ मार्च, शनिवार

ठमे,

मागचं पाकीट परत आलं. वर कुणीतरी वाकड्या अक्षरात लिहिलं आहे, 'इथे राहत नाही'. खोली बदललीस हे मामाला कळवलंस, मला कोण कळवणार? तो उद्या सकाळी निघतो आहे, कॅमेरा घेऊन. हा कागद त्याच्याच हाती देते, म्हणजे परत यायचा प्रश्न नाही.

मागचंच पत्र पाठवणार होते. पाकीट उघडून एकदा वाचलं. फार लांबलं होतं, अक्षरही कोंबडीच्या पायांसारखं, दोन जागी शाई पसरलेली. तरण्या पोरीच्या हातात द्यायचा कागद नव्हे तो. म्हणून नव्याने उतरवून काढते आहे. थोडं कमी केलं, बाकी तेच आहे.

बस आणि वाच. उभ्याने वाचू नकोस.

तुला त्या दिवसाचं काही आठवत नाही, म्हणून तुझं बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं. मी सगळं आठवून लिहिते, नीट डोक्यात ठेव. दुपार होती. ऊन छान होतं, खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. आजोबा डार्करूममध्ये होते. मी टेबलावर होते, हातात पेन्सिल होती. लग्नाच्या छत्तीस निगेटिव्ह होत्या. तू मोरीत पाण्याशी खेळत होतीस. निगेटिव्हमधल्या माणसांना तू भुतं म्हणायचीस. तू ढीग उचललास, स्टुलावर चढलीस आणि ओल्या हातांनी एकेक भूत खिडकीच्या काचेवर चिकटवलंस, नवरा, नवरी, सासू, सासरे, अख्खं वऱ्हाड. मग टाळ्या पिटून म्हणालीस, "आजी, बघ, सगळे आले!" आणि मला दाखवायला वळलीस, तोच स्टूल सरकलं. खाली आजोबांच्या जुन्या कॅमेऱ्याची काच टेकवून ठेवली होती. तिच्यावर पडलीस. मी धावले आणि तुझं तोंड पदरात घेतलं. तुला आठवतो तो पदर तोच.

तुझी आई बाहेर गेली होती. कुठे गेली होती ते तिने कधी सांगितलं नाही.

हे असंच सांग. 'सगळे आले' हे विसरू नकोस. तिथे जरा थांब, हसलीस तरी चालेल. ती बाई पेन खाली ठेवेल, बघ. भुतं खरी आहेत, ऊन खरं आहे, मोरी खरी आहे, मग काच कोण तपासतं?

मामाने आता बॅग भरताना विचारलं, "आई, तिला अजून काही सांगायचं आहे का?"

"सगळं पत्रात आहे."

"नक्की?"

"तुला वाचायचं आहे का? घे, वाच." पाकीट पुढे केलं. त्याने घेतलं नाही. नाही घेणार हे मला माहीत होतं, म्हणूनच पुढे केलं.

मामा फोटो काढेल तेव्हा डावा गाल खिडकीकडे कर, म्हणजे व्रण नीट चमकेल. या वेळी त्याला कुणी हात लावणार नाही. निगेटिव्ह नसते म्हणे त्या कॅमेऱ्यात, खरवडायला काही शिल्लकच नाही. आणि त्या डिंकवाल्या पोरीला घाबरू नकोस. चिकटवलेला व्रण तोंड हललं की कडेला उचलतो, मला विचार. तुझा खरा आहे, तेवढं एक तुझ्या हातात आहे.

एकच गोष्ट सांभाळ. बोलताना मान वर ठेव आणि थेट कॅमेऱ्यात बघ. खाली बघून बोलू नकोस. खाली बघून बोलणारं माणूस खोटं बोलत असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आजी